जिंकलास? मग हे घे पंचाहत्तर किलो

गेल्या अंकात क्लचच्या प्रश्नाला उत्तर देता देता सहज एक ओळ लिहून गेलो, की टूरिंग कार रेसिंगमध्ये जो जिंकतो त्याच्या गाडीत पुढच्या रेसला वजन टाकतात. त्या एका ओळीवर एवढे प्रश्न आले की मायलेज आणि बॅटरीवाल्या मंडळींनी यावेळी जरा थांबावं, पुढच्या वेळी तुमचंच. ज्यांना विषयच नवा आहे त्यांच्यासाठी एवढंच, की टूरिंग कार म्हणजे शोरूममधे दिसते तीच चार दरवाजांची गाडी, आतून सगळं ओरबाडून काढलेलं, लोखंडी पिंजरा बसवलेला, आणि अशा वीस-पंचवीस गाड्या एकमेकींना घासत पळतात. ब्रिटनची बीटीसीसी, म्हणजे ब्रिटिश टूरिंग कार चॅम्पियनशिप, ही त्यातली सगळ्यात गाजलेली स्पर्धा, १९५८ पासून चालू आहे.

प्रश्न : मी सातपूरला कंपनीत शॉपफ्लोअरवर आहे. आमच्याकडे टार्गेट पूर्ण केलं की पुढच्या महिन्यात टार्गेट वाढवतात. हे वजनाचं तसंच झालं की. जो चांगलं चालवतो त्यालाच शिक्षा, हा कुठला न्याय?

भाऊ, तुमची उपमा एकदम बरोबर आहे, फक्त इथे टार्गेट वाढवणारा मालक नाही, बघायला आलेली पब्लिक आहे असं समजा.

आधी ते कसं चालतं ते सांगतो. बीटीसीसीत सीझनला साधारण दहा वीकेंड आणि प्रत्येक वीकेंडला तीन रेस. जुन्या पद्धतीत पॉइंट्समधे जो पहिला तो वीकेंडला येतानाच सगळ्यात जास्त वजन घेऊन यायचा, त्याच्या मागचा थोडं कमी, असं उतरत जायचं, आणि मग त्याच दिवशी पहिली रेस जिंकली की दुसऱ्या रेसला परत हिशोब नव्याने. २०२१ च्या सीझनला हे वजन ७५ किलोपर्यंत होतं. गाडी ड्रायव्हर धरून तेराशे किलोच्या आसपास, म्हणजे जवळजवळ सहा टक्के वाढ.

सहा टक्के ऐकायला काहीच वाटत नाही ना? मलाही नव्हतं वाटत. दोन वर्षांपूर्वी मेहुण्याच्या हॉटेलसाठी पिंपळगावहून टोमॅटो आणायचे होते, टेम्पोवाल्याने ऐनवेळी फोन उचलला नाही, मग माझ्याच हॅचबॅकची मागची सीट पाडली आणि चार कॅरेट कोंबली. कॅरेट वीस किलोचं, म्हणजे ऐंशी किलो झाले. निघताना काही कळलं नाही, गाडी पळत होती मस्त. ओझरच्या अलीकडे पुढच्या ट्रकने कचकन ब्रेक मारला आणि मी पण मारला, आणि गाडी नेहमी जिथे थांबते तिथे थांबलीच नाही, हातभर पुढे गेली, वरचं कॅरेट सरकून माझ्या सीटच्या पाठीला धाडकन आपटलं आणि दोन टोमॅटो थेट डॅशबोर्डवर. तो हातभर म्हणजे ७५ किलो. आता हेच दर वळणाला, प्रत्येक लॅपला, आणि माझ्यासारखं साठच्या स्पीडला नाही तर दोनशेच्या आसपास. ब्रेक जास्त तापणार, टायर जास्त झिजणार, आणि गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असेल तर बिचाऱ्या पुढच्या दोन टायरनीच वळायचं, ओढायचं आणि थांबायचं, तिन्ही कामं तेच करतात, मग शेवटच्या चार-पाच लॅपला ते हात टेकतात. ब्रिटनमधल्या ब्रँड्स हॅचचा छोटा ट्रॅक या गाड्या पन्नास सेकंदांच्या आत मारतात आणि एका सेकंदाच्या फरकात बहुतेक सगळ्या गाड्या बसतात, तिथे एक-दोन दशांश गेले तरी दहा जण पुढे निघून जातात.

न्यायाचं म्हणाल तर नाहीये न्याय. पण दुसरी बाजू पण बघा. १९९० च्या दशकात कंपन्यांनी पैसा ओतला, नियमात पळवाटा शोधल्या, एकेका टीमचा खर्च असा चढला की एकेक कंपनी गाशा गुंडाळत गेली आणि २००० साली फोर्ड, होंडा आणि वॉक्सहॉल एवढ्याच तीन कंपन्या उरल्या. ज्याच्याकडे पैसा तोच जिंकणार असेल तर दुसऱ्याने यायचं कशाला? वजन असलं की श्रीमंत टीम पळून जात नाही, छोट्या टीमचा पोरगा पण एखादी रेस मारून जातो.

२०२२ ते २०२४ ते किलो काढून हायब्रिड आणलं होतं, एका लॅपमधे १५ सेकंदांपर्यंत जादा पॉवर मिळायची आणि पॉइंट्समधे जो पुढे त्याला कमी सेकंद. २०२५ ला हायब्रिड पण गेलं आणि टर्बोच्या जादा बूस्टवर, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबून मिळणाऱ्या ताकदीवर आले. तांत्रिकदृष्ट्या असेल चांगलं, पण मला नाही आवडलं. किलो डोळ्यांना दिसतात राव. गाडी वळणात शिरताना जड दिसते, नाक बाहेर जातं, ड्रायव्हर झगडतोय ते कळतं. सेकंद आणि बूस्ट कोणाला दिसतंय?

प्रश्न : काका, माझे बाबा नव्वदच्या दशकातलंच सांगत बसतात, की अल्फा रोमिओने चीटिंग करून चॅम्पियनशिप मारली आणि व्होल्व्होने सामान न्यायची गाडी रेसला आणली. दुसरं तर मला थापच वाटते. खरं काय? — पंचवटी

बाबांची माफी माग आधी. दुसरी गोष्ट शंभर टक्के खरी आहे.

१९९४ ला व्होल्व्होने ८५० ची इस्टेट उतरवली. इस्टेट म्हणजे मागे लांब डिकीवाली, आपल्याकडे इंडिगो मरीना आली होती बघ, तसला आकार. चालवायला रिकार्ड रायडेल आणि यान लॅमर्स. एकही रेस जिंकली नाही, पण त्या सीझनचा जिंकणारा अर्ध्या लोकांना आठवत नाही आणि ती इस्टेट सगळ्यांना आठवते. लोक हसले म्हणून त्यांनी एकदा परेड लॅपला मागच्या काचेत मोठा खेळण्यातला कुत्रा बसवून फिरवला! मार्केटिंग याला म्हणतात. पुढच्या वर्षी मागे विंग, म्हणजे हवेने गाडी खाली दाबणारी पट्टी, लावायची परवानगी आली तेव्हा इस्टेट सोडून साध्या सेडानवर गेले, आणि १९९८ ला याच रायडेलने व्होल्व्होच्या एस-४० मधे चॅम्पियनशिप मारली.

आता अल्फाचं, सीझन तोच १९९४ चा. बाबा चीटिंग म्हणतात, मी हुशारी म्हणतो, आणि आमच्या दोघांचं यावर पटणार नाही. नियम असा होता की रोडवर विकता त्या गाडीवर जे आहे तेच रेसला लावता येईल. अल्फाने १५५ ची एक खास आवृत्ती काढली, नाव पण ठेवलं सिल्व्हरस्टोन, ब्रिटनच्या गाजलेल्या ट्रॅकचं. पुढचा स्प्लिटर, म्हणजे बंपरखालची पट्टी, असा की आत-बाहेर सरकतो, रोडवर आत, रेसला बाहेर. आणि मागची विंग उंच करायचे तुकडे गिऱ्हाइकाला डिकीत ठेवून द्यायचे. म्हणजे कागदावर गाडी रोडचीच! बाकीच्यांच्या गाड्या सपाट आणि ही जमिनीला चिकटलेली, सीझन चालू झाला तसा गॅब्रिएल तारक्विनी धडाधड जिंकत सुटला. इतरांनी तक्रार केली, ओल्टन पार्कला ते स्प्लिटर आत घ्यायला सांगितलं, तर अल्फावाले सगळं सामान गाडीत भरून सरळ निघूनच गेले. मग वाटाघाटी, तडजोड, परत आले, मधे नॉकहिलला तारक्विनीची गाडी उलटी-पालटी झाली, आणि तरी चॅम्पियन तोच. पुढच्या वर्षीपासून विंग सगळ्यांनाच खुली केली, यातच काय ते आलं.

या तारक्विनीचं अजून एक सांगतो बाबांना, त्यांना माहीत नसेल. २०१८ ला टूरिंग कारचीच जागतिक टीसीआर स्पर्धा ह्युंदाई आय-३० मधे याच माणसाने जिंकली, वय ५६, मकाऊला शेवटच्या वीकेंडपर्यंत ताणली आणि यव्हान म्युलरला फक्त ३ पॉइंट्सनी हरवलं. ५६ व्या वर्षी आपल्याकडे लोक व्हीआरएसचे कागद काढतात.

प्रश्न : सगळ्यात मोठी खुन्नस कोणामधे झाली?

एकच निवडायची तर १९९२, सिल्व्हरस्टोन, सीझनची शेवटची रेस. तिघांना चान्स होता. वॉक्सहॉलचा जॉन क्लेलंड, टोयोटाचा विल हॉय आणि बीएमडब्ल्यूचा टिम हार्वी. चौथा एक स्टीव्ह सोपर, हा हार्वीचा टीममेट, याला स्वतःला काही मिळणार नव्हतं आणि असा माणूस शेवटच्या रेसला सगळ्यात डेंजर असतो. सुरुवातीला धडक खाऊन मागे पडलेला सोपर पिसाळल्यासारखा एकेकाला कापत वर आला, हार्वीच्या आणि क्लेलंडच्या मधे घुसला. क्लेलंड आत शिरायला गेला, गाडी दोन चाकांवर उचलली, आणि त्या अवस्थेत सुद्धा त्याने खिडकीतून सोपरला बोट दाखवलं. कॉमेंट्रीला मरे वॉकर, तो म्हणतो की क्लेलंड सांगतोय मी पहिल्या नंबरला चाललोय! पुढच्या वळणाला दोघं एकमेकांत घुसले, दोघं रेसमधून बाहेर, आणि हार्वी चौथा येऊन चॅम्पियन. क्लेलंड नंतर सोपरबद्दल बोलला ते वाक्य आजही तिथे लोकांना पाठ आहे, हा माणूस जनावर आहे.

मुद्दाम ठोकलं का? तिथे आजही दोन पार्ट्या आहेत. मी ती क्लिप किती वेळा बघितली असेल, माझं मत दर वेळी बदलतं, म्हणून बोलत नाही.

प्रश्न : ऑस्ट्रेलियात म्हणे फोर्ड आणि होल्डनवरून घराघरात भांडणं होतात, एवढं काय असतं?

आपल्याकडे मिसळीवरून होतात तशी. होल्डन म्हणजे तिकडचीच गाड्यांची कंपनी. कुठली खरी नाशिकची मिसळ हे चारचौघात विचारा आणि बाजूला होऊन बघा. तिकडे बाप होल्डनवाला असला की पोरगा जन्मापासून होल्डनवाला, आणि याचा सगळा कस लागतो बाथर्स्टच्या डोंगरावर. ६.२१३ किलोमीटरचा ट्रॅक, १६१ लॅप, म्हणजे एका दिवसात हजार किलोमीटर. एरवी तो साधा रस्ता आहे, कोणीही गाडी घेऊन फिरू शकतं. होल्डनच्या पीटर ब्रॉकने ही रेस ९ वेळा जिंकली, तिकडे तो देवच. फोर्डकडे डिक जॉन्सन. १९८० ला हा जॉन्सन पहिल्या नंबरला असताना रस्त्यावर आलेल्या एका मोठ्या धोंड्यावर गाडी घातली आणि संपलं, घरदार लावून गाडी केली होती, टीव्हीवर रडवेला झाला. तर बघणाऱ्या लोकांनी पैसे पाठवायला सुरुवात केली, फोर्डने तेवढेच वरून घातले, आणि पुढच्याच वर्षी त्याने बाथर्स्ट जिंकलं.

आणि या दोघांच्या भांडणात तिसरा आला तर काय होतं ते १९९२ ला दिसलं. निसानची स्कायलाइन जीटी-आर, चारही चाकांना पॉवर, टर्बो, वजन टाकलं, बूस्ट कमी केला तरी थांबेना. पावसात ती गाडी ठोकली गेली, पण रेस लाल झेंड्याने थांबवली आणि निकाल आधीच्या लॅपचा धरला, म्हणून ठोकलेली गाडी जिंकली. लोकांनी पोडियमवर हुर्यो उडवली आणि त्या निसानच्या ड्रायव्हरने, जिम रिचर्ड्सने, माइक हातात घेऊन पब्लिकला जी शिवी घातली ती इथे छापता येणार नाही. १९९३ पासून नियम बदलला, पाच लिटरच्या व्ही-८ च मुख्य झाल्या, निसान घरी. आता होल्डनच राहिली नाही. तिथला कारखाना २०१७ ला बंद झाला, रेसिंगमधून नाव गेलं २०२२ नंतर, त्या जागी शेवरोलेची कॅमेरो पळते. जुने होल्डनवाले कॅमेरोला टाळ्या वाजवतात पण मनापासून नाही, असं मला बघताना वाटतं.

प्रश्न : सर, मी कॉलेज रोडला एका दुकानातून हॅचबॅकला मागे मोठी विंग लावून घेतली, ते म्हणाले ग्रिप वाढेल. रेसवाल्यांसारखी वाढेल का?

नाही वाढणार रे. हवेचा दाब स्पीडच्या वर्गाने वाढतो, म्हणजे १८० ला जेवढा दाब मिळतो त्याच्या नववा हिस्सा ६० ला. आणि गंगापूर रोडला संध्याकाळी तुला साठ तरी मिळतंय का? शिवाय तुझी गाडी पुढच्या चाकांवर चालते आणि तू मागची चाकं दाबतोयस. रेसच्या गाडीत विंग लावली की पुढे स्प्लिटर लावून दोन्ही बाजूंचा तोल जमवतात, तेच तर अल्फाचं सगळं होतं. डिकीच्या पत्र्याला नुसते स्क्रू मारले असतील तर आधी ते काढ, पावसाळ्यात पाणी आत जाईल. मी एका गिऱ्हाइकाची अशी डिकी उघडली होती, स्टेपनीखाली चक्क तळं.

प्रश्न : ॲश सटन भारी की टॉम इन्ग्रम? आमच्या ग्रुपमधे रोज वाद होतात. — अंबड

बघा, दोघंही बीटीसीसीचे ड्रायव्हर. सटनच्या चार चॅम्पियनशिप, २०१७, २०२०, २०२१ आणि २०२३. इन्ग्रमच्या दोन, २०२२ आणि २०२५. मधे २०२४ ला जेक हिल बीएमडब्ल्यू घेऊन दोघांच्या नाकावर टिच्चून गेला ते पण विसरू नका. नुसता आकडा बघितला तर वाद संपला, पण आकड्यावर जाऊ नका असंच मी म्हणेन आणि तरी सटनच म्हणेन.

कारण सांगतो. पहिली त्याने सुबारू लेव्होर्गमधे मारली, तिचं बॉक्सर इंजिन आडवं झोपलेलं, वजन जमिनीजवळ, मागच्या चाकांवर चालणारी, बाकीचे ओरडत होते की गाडीच वेगळी आहे. चला, गाडीमुळे. मग इन्फिनिटी क्यू-५० मधे दोन, ती पण मागच्या चाकांवर. तेव्हा सगळे म्हणायला लागले की याला मागच्या चाकांचीच सवय, स्टार्टला ती गाडी उडीच मारते, कारण निघताना वजन मागे जातं आणि चालवणारी चाकं तिथेच असतात. मग हा माणूस फोर्ड फोकसला गेला, पुढच्या चाकांची, सगळी सवय उलटी, वळणात थ्रॉटल दिला की नाक बाहेर जाणार, आणि दुसऱ्याच वर्षी तिच्यातही चॅम्पियन. तीन कंपन्या, दोन पद्धतीच्या गाड्या. इन्ग्रमच्या दोन्ही एकाच ह्युंदाईतल्या.

इन्ग्रमवाल्यांनो, चिडू नका, तुमचा माणूस वजन किंवा बूस्ट विरुद्ध असताना सुद्धा पॉइंट्स गोळा करण्यात जास्त पक्का आहे, आणि या स्पर्धेत तेच लागतं. पहिल्या १५ जणांना पॉइंट्स मिळतात. तिसऱ्या रेसला पुढची मंडळी उलट्या क्रमाने उभी करतात, किती जणांना उलटवायचं त्याचा ड्रॉ निघतो. म्हणजे दोन रेस चांगल्या गेल्या की तिसरीला तुम्ही गर्दीत, आजूबाजूला गमावण्यासारखं काही नसलेले लोक. तिथे नाक खुपसून गाडी मोडून घेण्यापेक्षा गपचूप सातवा येणारा ऑक्टोबरला हसतो. जेसन प्लेटोने ९७ रेस जिंकल्या, चॅम्पियनशिप किती? दोनच. कॉलिन टर्किंग्टन त्याच्यापेक्षा बऱ्याच कमी जिंकला आणि चार घेऊन बसला. अँडी राऊझच्या पण चार, सटनच्या पण चार. २०२५ चा सीझन संपेपर्यंत पाचवी कोणालाच जमलेली नाही.

प्रश्न : नाशिकहून प्रत्यक्ष बघायला जायचं तर कुठे? मुलाला पुढे यात जायचं आहे.

टूरिंग कार बघायच्या तर महाराष्ट्राबाहेर जावं लागतं, हे दुखणं जुनं आहे. आपल्या देशातली ओळखीची ठिकाणं म्हणजे चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टाईचा ट्रॅक, कोइम्बतूरचा करी स्पीडवे आणि ग्रेटर नोएडाचा बुद्ध. यातला चेन्नईचा आधी बघा, ३.७१७ किलोमीटर, राष्ट्रीय स्पर्धेत इंडियन टूरिंग कार्स नावाचा वर्ग असतो, त्यात एस्टीमपासून होंडा सिटी, पोलोपर्यंत आपल्या ओळखीच्या गाड्या पळाल्यात. पिटमधे शिरायला मिळालं तर टायर बघा उतरवलेला, हाताला गरम च्युइंगगमसारखा लागतो.

नाशिकची सवय मातीची, इथे राष्ट्रीय रॅलीच्या फेऱ्या झाल्यात, पण रॅलीत गाडी एकटी घड्याळाशी पळते, शेजारी कोणी घासायला नसतं, तो वेगळा खेळ. मुलगा लहान असेल तर आधी कार्टिंगला टाका. लायसन्स एफएमएससीआयचं, म्हणजे देशातल्या मोटरस्पोर्टच्या संघटनेचं लागतं. आणि खर्चाचं आधीच सांगतो, गाडी स्वस्त पडते, टायर नाही.

प्रश्न : माझे मिस्टर रविवारी लॅपटॉपसमोर बसून या रेस बघतात आणि मी यांच्यापेक्षा बरी चालवली असती म्हणतात. त्यांचं वजन ९५ किलो आहे. एवढा जाड माणूस चालतो का हो त्यांच्यात? — इंदिरानगर

चालतो ताई. कमीत कमी वजन मोजताना गाडी आणि ड्रायव्हर एकत्र धरतात, त्यामुळे ड्रायव्हर बारीक असला तर फरक शिशाने भरून काढावा लागतो. फायदा बारक्यालाच, कारण शिसं कुठे ठेवायचं ते इंजिनीअर ठरवतो, अगदी फ्लोअरला चिकटवून, आणि पोट कुठे ठेवायचं ते कोणाच्या हातात नसतं. तर मिस्टरांचं वजन नियमात बसतं. ते स्वतः सीटमधे बसतात का, ते एकदा बघावं लागेल.